गाठ सुटली काय?

आमच्याकडे पाहुणे आले, की चहाला उकळी फुटायच्या आधी कोणीतरी म्हणतंच, "ताई, तो नत्थूभाऊच्या बांधीचा किस्सा सांगा नं!" आता तो सांगायचा तर आधी शोभाबाई कोण ते सांगावं लागतं. शोभाबाई सांगितली की गाठ सांगावी लागते, आणि गाठ सांगितली की त्यातून बांगड्या निघतात. तोवर चहा दोनदा होतो, पाहुण्यांची एसटी निघून जाते आणि त्यांना मुक्कामच करावा लागतो. पथक म्हणजे किस्स्यांचं पीक आहे बाप्पा! खत नको, पाणी नको, नुसत्या पोरी पाहिजेत.

तर आमचं पथक म्हणजे 'रानपाखरं'. गडचिरोलीकडच्या चामोर्शीतल्या मुलींचं. दर रविवारी शाळेच्या मैदानावर भरतं. कवायत, तंबू, दोराच्या गाठी, प्रथमोपचार, गाणी, सगळं असतं. संस्था मोठी आहे. वर उत्तरेत, डोंगरात तिचं मुख्य शिबिर भरतं, उन्हाळ्यात. आमची शाखा म्हणजे तिच्या शेपटीचा शेवटचा केस. मी वंदना, एरवी बायकांचे ब्लाउज शिवते. पोरींचे स्कार्फही माझ्याच मशीनवर शिवलेले. कापड कमी पडलं म्हणून एक टोक लांब आणि एक आखूड झालं, तर लोकांना वाटलं, हीच फॅशन! "रविवारी हे कशाला करता?" असं कोणी विचारलं, की मी सांगते, "घरी राह्यले तर नवरा पंखे पुसाले लावते."

आमच्या पथकात एक सानिया. नववीत. हमीदभाऊ बांगडीवाल्यांची मधली मुलगी. उंच, सडसडीत, बोलायला कमी, पण दोराची गाठ अशी मारते की बैल सुटणार नाही. या सानियाला त्या डोंगरातल्या शिबिराला जायचं होतं. पहिल्या रविवारी मी तिथले फोटो दाखवले, तेव्हापासून तिच्या डोक्यात तेच. आणि हमीदभाऊंना विचारलं, की त्यांचं उत्तर ठरलेलं, "पाहू."

हमीदभाऊंचं 'पाहू' म्हणजे नाही, हे चामोर्शीतल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे. हे एवढं लक्षात ठेवा. बाकीचे किस्से याच खुंटीला टांगलेले आहेत.

* * *

आता शोभाबाई, पथक चालवण्यातली माझी जोडीदार. एसटीत कंडक्टर. रविवारची सुट्टी घेते म्हणजे घेतेच, मग डेपोत भांडण झालं तरी चालेल. पण अंगातला कंडक्टर काही सुट्टीवर जात नाही! प्रार्थनेची रांग लागली, की हिची ऑर्डर सुटते, "पुढं सरका, पुढं सरका, मधात जागा हाय!" एखादी पोरगी उशिरा आली तर, "मागच्या दारानं चढ!" मैदानाला दार कुठलं? पण पोरगी बरोबर मागून येते.

तर पथकाची एक रीत आहे. सकाळी स्कार्फ घातला, की त्याच्या लांब टोकाला एक गाठ मारायची. दिवसभरात कोणाचं तरी एक चांगलं काम करायचं आणि मगच ती सोडायची. काम न सांगता, न विचारता करायचं, आणि केल्यावर कोणाला सांगायचं नाही. संध्याकाळी आम्ही फक्त एवढंच विचारतो, "गाठ सुटली काय?" उत्तर 'सुटली' किंवा 'नाई'. जास्त चौकशी नाही.

पहिल्याच आठवड्यात आमची सगळ्यात लहान मेंबर, छकुली, हात वर करून उभी. दात पडलेले, पण नियमांची वकील. "शोभाबाई, मी भावाची आंघोळ करून देल्ली. सोडू का गाठ?"

"भाऊ घरचा का बाहेरचा?"

"घरचा."

"मंग तो पासवाला हाय!" शोभाबाई म्हणाल्या. "पासवाल्याचं तिकीट फाडत नसतात. बाहेरचा पॅसेंजर पाय!"

झालं! तेव्हापासून घरच्यासाठी केलेलं काम बाद. मी म्हटलं, शोभाबाई, हे जरा जास्तच होतं. पण आमच्या पथकात एकदा तिकीट फाटलं की परत नाही.

* * *

त्याचा पहिला फटका बसला हमीदभाऊंना.

आठवडी बाजारात हमीदभाऊंचं बांगड्यांचं दुकान लागतं. दुपारी ते नमाजला जातात, तेवढा वेळ शेजारचा मिरचीवाला लक्ष ठेवतो. त्या दिवशी छकुलीची गाठ सुटायची होती आणि बाजारात तिला एकही दुःखी माणूस सापडत नव्हता. आमच्याकडे बाजाराच्या दिवशी कोणी दुःखी नसतंच! फिरता फिरता ती बांगड्यांपुढे उभी राहिली. बघते तर काय, एकाच दांडीवर हिरवी, लाल, पिवळी, सगळी खिचडी. तिला बिचाऱ्या चाचांची दया आली. बसली पोरगी, आणि सगळ्या दांड्या रिकाम्या करून बांगड्या रंगाप्रमाणे लावल्या. हिरव्याशेजारी पोपटी, पोपटीशेजारी पिवळी. गाठ सोडली आणि टुणटुण घरी गेली.

आता तुम्हीच सांगा, बांगडीवाला बांगड्या रंगानं लावतो की मापानं? सव्वादोन, अडीच, पावणेतीन, सगळ्यांचा काला! हमीदभाऊ परत आले तर समोर इंद्रधनुष्य, आणि पुढे बायांची गर्दी. गर्दी पण अशी, की लग्नसराईत नव्हती. बाया दुरूनच दुकान पाहून खेचल्या येत होत्या. पण माप सापडेल तर शपथ! हमीदभाऊ बाईचा हात पाहायचे, डोळे मिटायचे आणि बांगड्यांमध्ये हात घालायचे.

मी नेमकी तिथून जात होते. मला पाहून त्यांनी हात जोडले. "ताई, तुमची पोरगी पुण्य करून गेली, अन् मी निस्तरून राह्यलो!"

मी खाली मान घातली. संध्याकाळी सानियाने त्यांना गाठीची सगळी रीत समजावून सांगितली.  पुढच्या बाजारात मी मुद्दाम पाहिलं, तर मागच्या दांड्या मापाच्या होत्या आणि पुढची एक दांडी रंगाची. हिरव्याशेजारी पोपटी, पोपटीशेजारी पिवळी.

मी म्हटलं, "हमीदभाऊ, मंग आता सानियाच्या शिबिराचं?"

"पाहू," म्हणाले.

* * *

एकदा वनखात्याचे एक गार्ड आले, पोरींना वाघाबद्दल माहिती द्यायला. आमच्याकडे वाघ म्हणजे काही गोष्टीतला प्राणी नाही. मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायांच्या घरी तो रोजच्या बोलण्यात असतो. गार्डसाहेबांनी छान समजावलं. एकटं जायचं नाही, वाकून काम करताना आजूबाजूला बघायचं, बोलत राहायचं. शेवटी परीक्षा घ्यावी म्हणून त्यांनी विचारलं, "जंगलात वाघ दिसला, तर पहिले कोणाले सांगाल?"

सगळं पथक एका सुरात ओरडलं, "कोणालेच नाई! सांगायचं नाई!"

गार्डसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मी शोभाबाईंकडे बघितलं. शोभाबाई म्हणाल्या, "वाघ सोडून, पोट्ट्याहो! वाघ सोडून!"

* * *

आता नत्थूभाऊच्या बांधीचा. हा किस्सा सांगितल्याशिवाय तुम्ही मला उठू देणार नाही, माहीत आहे.

नत्थूभाऊ म्हणजे गावाबाहेरचे मोठे धानवाले. आवाज मोठा, मिशा त्याहून मोठ्या. चहाच्या टपरीवर बसून त्यांनी जाहीर केलं होतं, "पोरीच्या जातीनं शिट्ट्या फुकत फिरावं? हे का चांगलं दिसते?" आणि गंमत अशी, की त्यांची सख्खी नात मीनल आमच्या पथकात! आजोबांना सांगायची, शिकवणीला जाते. आजी सामील. सानियाची आणि हिची जोडी अशी, की एकीला बोलावलं तर दोघी येतात.

त्या वर्षी रोवणीच्या तोंडावर आमच्या यमुनाबाईंचा हात मोडला. यमुनाबाई एकट्या. एकच बांधी, म्हणजे धानाचं खाचर, त्यावरच वर्षाचं पोट. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, उपटून पडलेले, आणि गावातल्या सगळ्या बाया दुसरीकडे रोवणीला गुंतलेल्या. मी पोरींना म्हटलं, चला, सगळ्यांच्या गाठी एकदम सोडू! सकाळी उजाडता उजाडता जायचं, यमुनाबाई उठायच्या आत रोवून मोकळं व्हायचं. एवढं मोठं काम, पण सांगायचं नाही!

बांधी कोणती, ते दाखवायचं काम माझं होतं. "जांभळाच्या झाडापलीकडची," मी ठासून सांगितलं.

काय रोवणी केली पोरींनी! तंबूचा दोर ताणून सरळ ओळी धरल्या. शोभाबाई चिखलात उभ्या राहून शिट्टी वाजवतायत, "मागं सरका, मागं सरका!" आयुष्यात पहिल्यांदा त्या 'मागं सरका' म्हणाल्या असतील. ऊन चढायच्या आत बांधी हिरवीगार. आम्ही बांधावर बसून कमरेवर हात ठेवून पाहत होतो. मला तर डोळ्यात पाणी आलं. काय गोड पोरी माझ्या!

तेवढ्यात यमुनाबाई मोडका हात गळ्यात अडकवून बांधावरून आल्या. "वंदना, सकाळी सकाळी नत्थूभाऊच्या बांधीत का करून राह्यली वो?"

माझ्या पायाखालचा चिखलच सरकला! जांभळाची झाडं दोन होती, आणि दोन्हींपलीकडच्या बांधीत पऱ्हे पडलेले. माझ्या लक्षात एकच होतं.

आणि मग मला आठवलं. मीनल! तिच्या स्वतःच्या आजोबांची बांधी! सकाळपासून ओळीत वाकून रोवत होती पोरगी! मी ओरडले, "मीनल, तुले मालूम होतं नं?"

"हाव."

"मंग बोलली काऊन नाई?"

मीनलने चिखलाचे हात फ्रॉकला पुसले. "ताई, तुमीच त म्हणले, सांगायचं नाई!"

मी डोकं धरून बसले. शोभाबाई मात्र पेटल्या. "सगळ्यायच्या गाठी सुटल्या. मीनलची नाई! घरचं शेत!" तेवढ्यातही नियम!

आणि समोरून नत्थूभाऊ! दुपट्टा खांद्यावर, काठी हातात, मागे दोन गडी. लांबूनच आवाज, "कोण हाय रे बांधीत?" आले, आणि थांबले. बांधीकडे पाहिलं. ओळीकडे पाहिलं. वाकून एका डोळ्यानं ओळ सरळ आहे का तेही पाहिलं. मग चिखलानं माखलेल्या पोरींकडे पाहिलं. त्यात त्यांना स्वतःची नात दिसली.

"ही तुही शिकवणी होय?" ते म्हणाले.

मीनलचा चेहरा पांढराफटक. मी पुढे झाले. म्हटलं, "नत्थूभाऊ, चूक माझी. जांभळाचं झाड चुकलं."

 आमच्याकडे रोवणी करणाऱ्याला कोणी उपाशी पाठवत नाही. दुश्मनानं रोवली तरी नाही! नत्थूभाऊंची मिशी थरथरली, पण इलाज नव्हता. गड्याला म्हणाले, "घरी सांग, पोट्ट्यायसाठी भात टाका. अन् वरण घट्ट करजा."

असं पोटभर जेवलो आम्ही त्या दिवशी! शिट्ट्या फुंकणाऱ्या पोरींना नत्थूभाऊ स्वतः वाढत होते. वाढता वाढता छकुलीला विचारलं, "हे गाठ गाठ का हाय?" छकुलीनं वकिलासारखी सगळी रीत सांगितली, पासवाल्यासकट.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाई माझ्याकडे धापा टाकत आल्या. सकाळी त्यांच्या बांधीत नत्थूभाऊंचे गडी आणि बाया. दुपारपर्यंत रोवणी खलास! "मी विचारलं, कोणं पाठवलं? त कोणी बोलेच ना. म्हणे, मालकानं सांगतलं, सांगायचं नाई!"

* * *

थंडीत गडचिरोलीला रॅली झाली. गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांची पथकं. माजरीच्या कोळसा कॉलनीतलं पथक म्हणजे काय सांगू! पॉलिश केलेले बूट, स्वतःचा ढोल, स्वतःचा बॅनर. आमच्या पोरी चपला लपवायला लागल्या. शोभाबाई म्हणाल्या, "लाल डबा असो का शिवशाही, पोचते कोणची ते पाय!"

स्पर्धा होती भांड्याशिवाय स्वयंपाकाची. आमच्यासाठी ते म्हणजे घरचंच. पळसाच्या पानात कणकेचे पानगे थापले, गोवऱ्यांच्या विस्तवात लोटले, झालं. माजरीवाल्यांचं मात्र लाकूड ओलं निघालं. धूर, खोकला, डोळ्यात पाणी, आणि वेळ संपत आलेला. त्यांची कॅप्टन रडायच्या बेतात.

आणि आमच्या दोघी, सानिया आणि मीनल, उठून तिकडे गेल्या! आमचा अर्धा विस्तव पत्र्यावर घेऊन. त्यांची चूल पेटवून दिली, पानं कशी गुंडाळायची दाखवलं, आणि परत आल्या. इकडे आमचे पानगे अर्धे कच्चे. कप माजरीला!

शोभाबाईंचा पारा चढला. "सोताच्या गाडीचं डिझेल दुसऱ्याच्या टाकीत टाकलं! काऊन?"

सानिया हळूच म्हणाली, "शोभाबाई, गाठ बाकी होती."

शोभाबाईंनी कच्चे पानगे निमूट परत विस्तवात लोटले. काय करणार? तिकीट त्यांनीच फाडलेलं!

पण खरी मजा पुढे. कप घ्यायला माजरीची कॅप्टन स्टेजवर गेली आणि तिनं माइकच धरला. म्हणाली, "आमची चूल चामोर्शीच्या दोन मुलींनी पेटवून दिली. त्यांनी मला शपथ घातली आहे, की कोणाला सांगायचं नाही. म्हणून मी कोणा एकालाच सांगत नाही, सगळ्यांना सांगते!"

काय टाळ्या पडल्या! माजरीच्या ढोलावर आमचं पथक नाचलं. आणि संस्थेच्या मोठ्या बाईंनी तिथल्या तिथे जाहीर केलं, उन्हाळ्यात डोंगरातल्या शिबिराला या भागातून एकच जोडी जाणार. सानिया आणि मीनल. जोडीनंच जायचं, तंबू दोघींचा असतो. एक नाही गेली तर दुसरी पण नाही.

सानिया तिथंच मटकन खाली बसली. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मला वाटलं हसते आहे, पण ती रडत होती. मला म्हणाली, "ताई, आता अब्बू का म्हणन?"

* * *

अब्बू काय म्हणणार? "पाहू!"

मी आणि शोभाबाई दुकानात गेलो. हमीदभाऊ एका आजीच्या हातात बांगड्या भरत होते. खाली मान घालूनच बोलले, "ताई, दिवसभर बायायचे हात माह्या हातात, अन् त्याईच्या गोष्टी माह्या कानात. कोणाची पोरगी कुठी गेली, कोणासंगं गेली, सबसे पहले मले मालूम होते. उद्या माह्या पोरीची गोष्ट माह्याच दुकानात होईन. मी कान कुठी ठेवू?" मग पुढची बांगडी चढवत म्हणाले, "नत्थूभाऊची नात खरंच जात असन, त पाहू."

आम्ही उठलो, नत्थूभाऊंकडे गेलो. त्यांनी खाटेवर बसवलं, ताक दिलं. सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हमीद समजदार माणूस हाय. पहिले त्याची पोरगी जाऊन राह्यली का? मंग पाहू."

परत दुकान. "नत्थूभाऊनं हो म्हटलं का?" परत खाट. "हमीदनं का म्हटलं?" मार्च गेला, एप्रिल गेला. आमच्या चपला झिजल्या, आणि ताक पिऊन पिऊन मला सर्दी झाली.

शोभाबाई वैतागल्या. "दोन डायवर 'पहिले तू काढ, पहिले तू काढ' करत राह्यले, त डेपोतून एक बी गाडी निघत नाई!"

एक दिवस मी भडकलेच. भर दुकानात म्हटलं, "हमीदभाऊ, सरळ नाई म्हणा नं! पोरगी आशेवर बसली हाय!"  हमीदभाऊंनी मान वर केली नाही, पण हातातली बांगडी फुटली. हमीदभाऊंच्या हातून बांगडी फुटलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

मागे, खोक्यांच्या आडोशाला सानिया बसली होती. मी गेले तिच्याजवळ. म्हटलं, बर्फाचे डोंगर कुठं पळून जात नाहीत, पुढच्या वर्षी जाशील. ती म्हणाली, "मले बर्फ नाई पाहिला तरी चालन, ताई. मले एकडाव 'पाहू'च्या पुढचं ऐकायचं हाय."

आमच्या मधे फक्त एक पातळ फळी होती. पलीकडे बांगड्या भरायचा आवाज थांबला होता.

* * *

आता शेवटचा, आणि मग तुम्हाला सोडते.

जायचा दिवस उजाडला. सकाळची चंद्रपूरची एसटी, तिथून पुढे रेल्वे. पोरींसोबत मी जाणार होते. कोणाचा 'हो' नाही, कोणाचा 'नाही' नाही, तरी मी बॅग घेऊन स्टँडवर उभी. नवरा म्हणाला, "कोणाले घेऊन जाऊन राह्यली?" मी म्हटलं, "पाहू!"

गाडीवर ड्युटी शोभाबाईंची. मुद्दाम मागून घेतलेली. सोडायला छकुली एकटीच आली होती, स्कार्फ घालून, गाठ मारून.

गाडी सुटायला थोडा वेळ होता, आणि बाजाराच्या बाजूनं हमीदभाऊ येताना दिसले. त्यांच्या एका हातात पेटी, आणि मागे सानिया. सानियाचा चेहरा असा, की अजून तिला स्वतःलाच पटत नव्हतं. माझा जीव एकदम वर आला आणि तसाच खाली बसला. मीनल कुठे होती? जोडी नाही, तर सानिया तरी कशी जाणार?

"हमीदभाऊ," मी म्हटलं, "मीनल नाई आली."

 त्यांनी पेटी खाली ठेवली. आणि तेव्हा मला दिसलं, त्यांच्या खांद्यावरच्या गमछ्याच्या टोकाला गाठ होती. चांगली आवळून मारलेली.

ड्रायव्हरनं गाडी चालू केली. शोभाबाई दारात उभ्या, हात घंटीच्या दोरीवर, पण ओढत नव्हत्या. ड्रायव्हर ओरडला, "शोभाबाई, बेल!" शोभाबाई म्हणाल्या, "पॅसेंजर चढून राह्यले!" चढत कोणीच नव्हतं. सानिया एकदा अब्बूंकडे पाहायची, एकदा रस्त्याकडे. छकुलीनं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

हमीदभाऊंची नजर रस्त्यावर. बघता बघता त्यांचा चेहरा सैल झाला. त्यांनी गमछा पुढे ओढला, आणि बांगड्या चढवणाऱ्या त्या बोटांनी सावकाश गाठ सोडली.

छकुली कडाडली, "चाचा! घरच्यासाठी केल्लं चालत नाई!"

"घरच्यासाठी कुठी केल्लं, बेटा?" हमीदभाऊ म्हणाले. "पहिले आपण निघालो, त दुसऱ्याची पोरगी बी निघाली. तिकडे पाय."

वळणावरून नत्थूभाऊ येत होते. ज्या माणसानं पाण्याचा गडवा स्वतः कधी उचलला नाही, त्याच्या डोक्यावर लोखंडी पेटी! मागे मीनल, हात मोकळे, अक्षरशः पळत. "थांबव वो शोभा! गाडी थांबव!" सगळं स्टँड वळून पाहत होतं.

सानियाने किंचाळून मीनलला मिठी मारली. माझ्या डोळ्यांना तर धारच लागली, खोटं कशाला बोलू! नत्थूभाऊंनी पेटी गाडीत चढवली, धापा टाकत दुपट्ट्यानं तोंड पुसलं. आणि दुपट्ट्याचं टोक शोभाबाईंच्या डोळ्यांसमोरून गेलं.

शोभाबाई दारातूनच ओरडल्या, "नत्थूभाऊ! गाठ सुटली काय?"

नत्थूभाऊंनी टोक मुठीत लपवलं. मिशीवरून हात फिरवला.

"पहिले हमीदच्या पोरीले खिडकीपाशी बसव," म्हणाले. "मंग सोडतो!"